साठी, बुद्धी आणि लग्नातला ग्रुप फोटो

गावच्या सभागृहात फुकट सिनेमा आहे म्हटल्यावर कोण येणार नाही? शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू इंग्लंडमधल्या एकोणीस खेड्यांत हीच युक्ती वापरली गेली. हॅरल्ड जोन्स आणि हर्बर्ट कॉनरॅड या दोन मानसशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना सिनेमाला बोलावलं. लोक जमले, सिनेमा सुरू झाला, मध्यंतर झालं आणि खाऱ्या दाण्यांच्या पुडीऐवजी हातात बुद्धिमत्ता चाचणीचा कागद आला. जे आले नाहीत त्यांच्यापर्यंत ही मंडळी घरोघर जाऊन पोचली. फक्त सिनेमाला येणाऱ्यांचीच परीक्षा घेतली तर निष्कर्ष लंगडा पडेल, हे त्यांना कळत होतं. दहा ते साठ या वयातल्या एकूण १,१९१ जणांचे गुण गोळा झाले आणि १९३३ साली अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातला आलेख बघवत नाही असा आहे. सोळाव्या वर्षापर्यंत रेषा झपाट्याने वर जाते, अठरा ते एकवीसच्या दरम्यान शिखर गाठते आणि मग उतार लागतो. पंचावन्नाव्या वर्षी सरासरी गुण कुठे येतात? चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या पातळीवर.

आपल्याकडे हे तीन शब्दांत सांगून झालेलं आहे: साठी बुद्धी नाठी. न्यू इंग्लंडवाल्यांनी त्यात पाच वर्षं आणखी कमी केली, एवढंच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या क्षेत्रात साठीची वाट कोणी बघत नाही. पस्तिशीच्या पुढचा माणूस अजून कोडच लिहीत असेल तर त्याच्याकडे जरा काळजीने बघतात, आणि ‘नवीन गोष्टी तरुण मुलं पटकन उचलतात’ हे वाक्य तर मीटिंगमध्ये इतक्या सहज बोललं जातं की ते कोणी तपासलंय का, असं विचारायचंही कुणाला सुचत नाही. पण ते तपासलं गेलं आहे, चांगलं पन्नास-साठ वर्षं. माणूस वाढतो म्हणजे काय, कधीपर्यंत वाढतो आणि उतरायला कधी लागतो, या प्रश्नांचा विसाव्या शतकातला इतिहास बऱ्याच अंशी त्या एका उतरत्या रेषेशी झालेल्या भांडणाचा इतिहास आहे.

०

सुरुवात शाळेतून झाली, आणि घोळही तिथूनच आला. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी एक चाचणी बनवली. वर्गात कोणत्या मुलांना जास्तीच्या मदतीची गरज आहे हे ओळखणं, एवढाच तिचा हेतू होता. आठ वर्षांच्या मुलीला दहा वर्षांच्या मुलांना जमतात तेवढे प्रश्न जमले, तर तिचं मानसिक वय दहा. पुढे १९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुइस टर्मनने त्या भागाकाराला शंभरने गुणलं आणि जगाला आयक्यू हा आकडा मिळाला.

मुलांपुरतं हे ठीक चालतं. पण चाळीस वर्षांच्या माणसाला भागायचं कशाने? चाळीसने भागलं तर धडधाकट माणूस मतिमंद ठरतो. त्यामुळे टर्मनच्या चाचणीत प्रौढांसाठी भाजक सोळा धरला गेला. तुम्ही वीस वर्षांचे असा नाहीतर सत्तर, हिशोबात तुम्ही सोळाच. कोडमध्ये असा आकडा कायमचा ठोकून ठेवण्याला आम्ही हार्डकोड करणं म्हणतो, आणि ते कशासाठी केलं होतं हे पाच वर्षांनी कुणाला आठवत नाही. इथेही तेच झालं. बुद्धीची वाढ सोळाला संपते हे सोयीसाठी धरलेलं गृहीतक हळूहळू निसर्गनियमासारखं वापरलं जाऊ लागलं. (बिनेच्या चाचणीचं मराठी आणि कन्नड रूपही झालं. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात ते तयार केलं, आणि बिने-कामत या नावाने ते आजही वापरात आहे.)

मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकेने १९१७-१८ मध्ये सुमारे सतरा लाख सैनिकांची बुद्धिमत्ता मोजली. वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ ही छापील, वेळ लावून सोडवायची चाचणी होती, आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’. रॉबर्ट यर्क्स या मोहिमेचा प्रमुख होता. १९२१ मध्ये आलेल्या त्याच्या जाडजूड अहवालात गोऱ्या सैनिकाचं सरासरी मानसिक वय तेरा निघालं. प्रौढ म्हणजे सोळा असं धरलेलं आणि सरासरी प्रौढ निघाला तेरा! इथेच कुणीतरी पट्टी तपासायला हवी होती. पण लोकांनी देश बुद्दू झाल्याची काळजी करणं पसंत केलं. त्याच अहवालात अधिकाऱ्यांचे गुण वयानुसार मांडले होते, आणि तेही वयाबरोबर खाली जात होते. जोन्स आणि कॉनरॅड खेड्यांत घेऊन गेले ती चाचणी हीच, आर्मी अल्फा.

एक माणूस मात्र वेगळ्या वाटेने गेला होता. स्टॅनली हॉलने १९०४ मध्ये पौगंडावस्थेवर दोन खंडांचा ग्रंथ लिहून तो विषय मानसशास्त्रात आणला. मग स्वतः निवृत्त झाल्यावर, सत्तरी उलटल्यावर, १९२२ साली त्याने म्हातारपणावर तेवढ्याच जोमाने पुस्तक लिहिलं. म्हातारपण म्हणजे नुसती झीज नाही, त्याला स्वतःचं मानसशास्त्र आहे, हे त्याचं म्हणणं. पौगंडावस्थेचं पुस्तक गाजलं, म्हातारपणाचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९५० मध्ये एरिक एरिक्सनने जन्मापासून वृद्धत्वापर्यंतचे आठ टप्पे मांडले आणि ‘वाढ’ हा शब्द बालपणाच्या कुंपणाबाहेर आला. पण एरिक्सनकडे दृष्टी होती, आकडे नव्हते. आकडे अजूनही उतारच दाखवत होते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या डेव्हिड वेक्स्लरने १९३९ मध्ये खास प्रौढांसाठी चाचणी काढली. प्रत्येकाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी करून त्याने तो भागाकाराचा तिढा सोडवला, हे त्याचं मोठंच काम. मात्र वयाबरोबर बुद्धी उतरते हे त्यालाही मान्य होतं. फुप्फुसं आणि स्नायू उतरतात तशीच ही, असं त्याचं मत.

०

आता जरा न्यू इंग्लंड सोडून कुठल्याही मराठी लग्नातला ग्रुप फोटो डोळ्यांसमोर आणा. साधारण वीस वर्षांपूर्वीचा असेल तर उत्तम. मधल्या खुर्चीत पणजी नऊवारीत. शेजारी आजी पाचवारीत. मागे उभी असलेली मावशी पंजाबी ड्रेसमध्ये, आणि कोपऱ्यात तोंड वाकडं करून उभी असलेली कॉलेजवाली मुलगी जीन्समध्ये. समजा परग्रहावरून आलेल्या एका संशोधकाला हा एकच फोटो मिळाला. तो आलेख काढेल: माणसाची मादी विशीत जीन्स घालते, चाळिशीत पंजाबी ड्रेसवर येते, साठीत तिच्या अंगाभोवती पाच वार कापड जमतं आणि ऐंशी ओलांडली की ते नऊ वार होतं. नमुना मोठा करा, हजार लग्नांचे फोटो घ्या, आलेख आणखी गुळगुळीत येईल. आणि तरी तो साफ चूक असेल, कारण पणजीने विशीत जीन्स घातलेली नव्हती.

जोन्स आणि कॉनरॅडचा आलेख हा असा ग्रुप फोटो होता. त्यांनी वीस वर्षांचा एक माणूस आणि पंचावन्न वर्षांचा दुसरा माणूस एकाच काळात शेजारी बसवला आणि दोघांतला फरक वयाच्या खात्यात टाकला. पण ती दोन माणसं दोन वेगळ्या अमेरिकांत वाढली होती. १९१० साली तिथे शंभरातली जेमतेम नऊ-दहा मुलं हायस्कूल पूर्ण करत. १९४०पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. इतक्या थोड्या काळात इतका मोठा बदल! पंचावन्न वर्षांचा शेतकरी चार बुकं शिकून नांगराला लागलेला, आणि त्याच्या मुलाने कालपरवापर्यंत वेळ लावून पेपर सोडवलेले. दोघांच्या हातात छापील, घड्याळ लावलेली चाचणी दिली तर काय होणार? गंमत म्हणजे त्यांच्याच आकडेवारीत एक खूण होती. शब्दसंपत्ती आणि सामान्य माहिती या दोन भागांत वयाबरोबर घसरण जवळजवळ नव्हतीच.

या पद्धतीला संशोधनात आडवा छेद म्हणतात. एकाच दिवशी सगळ्या वयांची माणसं मोजायची. स्वस्त, झटपट. दुसरी पद्धत उभी: तीच माणसं धरून ठेवायची आणि त्यांच्या म्हाताऱ्या होण्याची वाट बघायची. तिला पैसे लागतात, चिकाटी लागते आणि शिवाय संशोधक स्वतःही म्हातारा होतो.

आयोवा स्टेट कॉलेजच्या विल्यम ओवेन्सला यातली वाट बघण्याची पायरी चुकवायची संधी मिळाली. त्या कॉलेजात १९१९ साली पहिल्या वर्षाच्या ३६३ मुलांनी आर्मी अल्फा दिली होती आणि तिची नोंद शाबूत होती. ओवेन्सने त्यांतले १२७ जण तीस वर्षांनी, १९४९-५० च्या सुमारास, शोधून काढले. आता ते पन्नाशीला टेकलेले. त्याने तीच चाचणी पुन्हा घेतली. १९३३ च्या आलेखानुसार या लोकांनी दणकून आपटायला हवं होतं. त्यांचे एकूण गुण वाढले होते. एकाही भागात लक्षणीय घट नव्हती.

आक्षेप घेण्यासारखं बरंच होतं. सगळे पुरुष, सगळे कॉलेजात शिकलेले, आणि सापडले तेवढेच. पण पुढे १९५५ मध्ये नॅन्सी बेली आणि मेलिटा ओडेन यांनीही टर्मनने लहानपणापासून मागोवा घेतलेल्या हुशार मुलांबद्दल हेच लिहिलं. ती मुलं आता मध्यमवयीन झाली होती, आणि बारा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या चाचण्यांत ती वरच गेली होती. एकच चाचणी आडवी धरली की खाली जाते आणि उभी धरली की वर. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. की असू शकतात?

०

हा गुंता सोडवायला बसलेला माणूस स्वतः बऱ्याच काळांतून आणि देशांतून आलेला होता. के. वॉर्नर शायचा जन्म १९२८ चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या श्टेटिन शहरातला. कुटुंब ज्यू. १९३९ मध्ये पळून ते शांघायला पोचले, कारण जगातली बहुतेक दारं बंद असताना ते एक उघडं होतं. युद्धानंतर शाय अमेरिकेत आला आणि सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पीएचडी करू लागला. आपण कोणत्या वर्षी कुठे जन्मलो यावर आयुष्याचं किती अवलंबून असतं, हे त्याला वेगळं शिकवावं लागलं असेल असं मला वाटत नाही. अर्थात हा माझा अंदाज.

१९५६ मध्ये त्याने सिअॅटलमधल्या एका सहकारी आरोग्य संस्थेच्या सभासदांतून पाचशे माणसं निवडली. वय विशीपासून सत्तरीपर्यंत, दर पाच वर्षांच्या गटात पंचवीस पुरुष आणि पंचवीस बायका. चाचणी थर्स्टनची घेतली. ती बुद्धीचा एकच आकडा देत नाही, शब्दार्थ, तर्क, आकडेमोड, शब्द सुचण्याची गती आणि आकृती मनात फिरवून बघणं अशा पाच क्षमता वेगवेगळ्या मोजते. निकाल अपेक्षित असाच आला: वय वाढलं की गुण कमी. प्रबंध झाला. इथे बहुतेक जण थांबले असते.

सात वर्षांनी, १९६३ मध्ये, तो परत गेला. पाचशेपैकी ३०३ जण पुन्हा चाचणीला बसले. शिवाय त्याने त्याच संस्थेतून हजारभर नवी माणसं घेतली. आता त्याच्याकडे एकाच शहरातल्या, एकाच चाचणीच्या दोन्ही रेषा होत्या. आडवी रेषा पूर्वीसारखीच घसरत होती. पण प्रत्येक माणसाचं १९५६ चं वय आणि १९६३ चं वय जोडून काढलेली उभी रेषा बहुतेक क्षमतांसाठी साठीच्या आसपासपर्यंत सपाट होती, काही ठिकाणी किंचित चढती. घसरण माणसांच्या आत होत नव्हती. ती पिढ्यांच्या मध्ये होती.

यामागचं गणित शायने १९६५ च्या लेखात मांडलं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. माणसाच्या कोणत्याही मोजमापावर तीन काळांचा शिक्का असतो. एक त्याचं वय. दुसरा तो कोणत्या साली जन्मला, म्हणजे त्याची तुकडी. संशोधक तिला कोहॉर्ट म्हणतात. तिसरा आपण मोजतोय ते वर्ष, त्यात जे काही चाललं असेल ते, युद्ध, मंदी, साथ. आता हे तीन आकडे स्वतंत्र नाहीत. वय म्हणजे आजच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केलं की उरतं ते. दोन माहीत असले की तिसरा आपोआप ठरतो. त्यामुळे तिघांचा परिणाम पूर्णपणे वेगळा काढणं नुसत्या गणिताने शक्यच नसतं, कितीही डेटा जमवा. काहीतरी बाहेरून गृहीत धरावंच लागतं, आणि काय गृहीत धरलंय ते उघड सांगावं लागतं. १९३३ च्या आलेखाने पिढीचा परिणाम शून्य आहे असं गृहीत धरलं होतं, पण कुठेही सांगितलं नव्हतं.

शाय दर सात वर्षांनी परत जात राहिला. १९७०, ७७, ८४, ९१, ९८, २००५. एकूण सहभागींची संख्या सहा हजारांच्या आसपास गेली. जसजशा नव्या पिढ्या आल्या तसतशी आणखी एक मजा दिसली. नंतर जन्मलेले सगळ्यातच पुढे असतात असं नाही. तर्काच्या चाचणीत प्रत्येक नवी पिढी वर गेली. आकडेमोडीत मात्र १९२४ च्या आसपास जन्मलेल्यांनी कळस गाठला, आणि त्यानंतरच्या पिढ्या खाली येत गेल्या. म्हणजे आडवा फोटो काढला तर तर्कात म्हातारे ढ दिसतात आणि पाढ्यांत तरुण ढ दिसतात. यातलं दुसरं आपल्या प्रत्येकाच्या आजोबांनी आपल्याला सुनावलेलं आहे.

०

इथे कथा संपली असती तर ती जरा जास्तच गोड झाली असती. १९७४ मध्ये पॉल बाल्टेस आणि शाय यांनी एका लोकप्रिय मासिकात बुद्धीची उतरती कळा ही दंतकथाच असल्याचं लिहिलं. दोन वर्षांत जॉन हॉर्न आणि गॅरी डोनाल्डसन यांनी ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये त्याचा खणखणीत समाचार घेतला. मुद्दे बिनतोड होते. उभ्या पाहणीत परत येतो कोण? जो जिवंत आहे, ठणठणीत आहे आणि ज्याला मागच्या वेळी पेपर बरा गेला होता तो. पाचशेतले जवळपास दोनशे आलेच नाहीत, त्यांचं काय झालं? शिवाय तीच चाचणी दुसऱ्यांदा देणाऱ्याला सराव असतो. म्हणजे आडवा फोटो म्हाताऱ्यांवर अन्याय करतो, तर उभी पाहणी त्यांना झुकतं माप देते.

हॉर्नकडे आणखी एक हत्यार होतं. आपला गुरू रेमंड कॅटेल याच्याबरोबर त्याने बुद्धीचे दोन प्रकार मांडले होते. एक प्रवाही: अनोळखी कोडं समोर आलं की तिथल्या तिथे डोकं चालवणं. दुसरी साठलेली: भाषा, माहिती, अनुभवातून आलेली समज. साठलेली टिकते, वाढतेही. प्रवाही उतरते, आणि ती साठीची वाट बघत नाही.

शाय हटला नाही, पण त्याने हिशोब सुधारला. परत न आलेल्यांचा परिणाम वेगळा मोजला, प्रत्येक फेरीत नवी माणसं घेतली, आणि दंतकथा हा शब्द हळूहळू मागे पडला. त्याचं नंतरचं म्हणणं असं: सरासरी घट साठीच्या उत्तरार्धात सगळ्या क्षमतांत दिसू लागते, पण सरासरी हा फसवा शब्द आहे. एक्याऐंशीव्या वर्षीसुद्धा मागच्या सात वर्षांत एखाद्या क्षमतेत खात्रीची घट झालेले लोक निम्म्याहून कमीच होते. १९८६ मध्ये त्याने आणि शेरी विलिस यांनी पासष्टीच्या आसपासच्या आणि पुढच्या लोकांना फक्त पाच तासांचं प्रशिक्षण दिलं. ज्यांची घसरण झाली होती त्यांच्यातले सुमारे चाळीस टक्के चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आले. झिजलेली वस्तू पाच तासांत नवी होत नाही. बऱ्याच जणांचं निदान काही अंशी गंजलेलं असावं.

विरुद्ध बाजूही थकलेली नाही. टिमथी सॉल्टहाउसने २००९ मध्ये दाखवलं की वेग आणि तर्काच्या काही क्षमता विशी-तिशीतच उतरायला लागतात. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्माइन यांनी २०१५ मध्ये इंटरनेटवरून जवळपास ४८ हजार लोकांच्या चाचण्या तपासल्या. माहितीवर प्रक्रिया करण्याचा नुसता वेग अठरा-एकोणिसाव्या वर्षीच शिखर गाठतो, समोरच्याच्या डोळ्यांवरून त्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याची कला चाळिशी-पन्नाशीत, आणि शब्दसंपत्ती तर साठीच्याही पुढे. एकच असं शिखर नाहीच. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. म्हणजे माझं एक इंजिन दहा वर्षांपूर्वीच उताराला लागलंय, आणि एक अजून नीट सुरूही व्हायचंय. हे कळल्यावर मला घाबरावंसं वाटायला हवं होतं, पण प्रत्यक्षात करमणूक झाली.

वेग कमी झाल्यावर माणसं काय करतात याचं बाल्टेसचं आवडतं उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं. ऐंशीच्या वयात तो मैफली कशा गाजवत होता? कमी रचना वाजवायच्या, त्यांचाच जास्त रियाज करायचा, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजवायचा, म्हणजे नंतरचा वेग आहे त्याहून जास्त वाटतो. संगीतातल्या किंवा ऑफिसातल्या कुठल्याही मुरलेल्या माणसाकडे नीट पाहिलं तर ही तिसरी युक्ती दिसते.

०

पिढ्यांमधली दरी अमेरिकेत एवढी असेल तर आपल्याकडे किती? १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८.३३ टक्के होती, बायकांची ९ टक्क्यांच्या आत. २०११ मध्ये ती सुमारे ७३ टक्के झाली. म्हणजे आपल्या ग्रुप फोटोत पणजी आणि पणती यांच्यातलं अंतर कपड्यांपेक्षा कितीतरी मोठं आहे. आई यूपीआय वापरताना अडखळली की ‘वय झालं तिचं’ म्हणून आपण फोन हातातून घेतो. त्या अडखळण्यातलं वयाचं किती आणि आयुष्याची पहिली चाळीस-पन्नास वर्षं टच स्क्रीन न बघण्याचं किती, हा शायचाच प्रश्न आहे. ऑफिसातही तोच. पन्नाशीचा सहकारी नवं फ्रेमवर्क हळू शिकतो, तेव्हा तो पन्नाशीचा असल्यामुळे, की गेली दहा वर्षं त्याला नवं काही शिकायला दिलंच नाही म्हणून? एका मीटिंगच्या आडव्या फोटोत याचं उत्तर नसतं. जे पन्नाशीच्या आधीच बाहेर काढले गेले ते तर फोटोतच नसतात.

उभी पाहणी आपल्याकडेही सुरू झाली आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये केली. पंचेचाळीस आणि त्यापुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची. आरोग्य, पैसा, कुटुंब आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या, असं सगळं त्यात आहे. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटली तरच त्यातून काही कळेल, आणि त्याला वेळ लागेल.

पण एक प्रश्न थांबायला तयार नाही. डॉक्टरांसमोर सत्तरीच्या बाई बसल्यात, घरचे म्हणतात विसरायला लागलीय. जगभर यासाठी १९७५ पासून एक तीस गुणांची छोटी चाचणी वापरतात. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करत जा, कागदावर लिहिलंय ते वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, असे प्रश्न आहेत. कधीच शाळेत न गेलेली बाई इथे नापास होणार, तिचा मेंदू तल्लख असला तरी. आणि उलट बाजूही तितकीच वाईट. ‘साठी बुद्धी नाठी, होतंच असं’ म्हणून ज्या घरात खऱ्या स्मृतिभ्रंशाकडे दोन-तीन वर्षं दुर्लक्ष होतं, तिथे आजारालाच वय समजलं जातं. म्हणीच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस अडकलेला आहे.

हरयाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी १९९५ मध्ये या चाचणीचं हिंदी रूप प्रसिद्ध केलं. त्यांनी नुसतं भाषांतर केलं नाही. आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ, असं विचारलं. सात-सातची वजाबाकी गेली, विसातून तीन-तीन आली. लिहिलेलं वाचून डोळे मिटण्याऐवजी, मी करतो तसं करा, म्हणत समोरच्या माणसाने डोळे मिटून दाखवले. आणि वाक्य लिहायला सांगण्याऐवजी त्या म्हाताऱ्या बाईंना आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायला सांगितलं.